डाळमिल घराला लागून चालेल का?

तालुक्याच्या गावात नवा लेआउट पडला की नकाशातले रंग ठरलेलेच: घरं एकीकडे, दुकानं रस्त्याला, धंदा गावाबाहेर. मग पाच क्विंटल तुरीची डाळ करायलाही टेम्पो धरावा लागतो. खरं तर धंद्याचं नाव बघून जागा ठरवूच नये. भिंतीबाहेर काय येतं ते बघावं. भंडाऱ्यातल्या मोहाडी-पवनीकडे कोष्ट्यांच्या (विणकरांच्या) घरात माग पिढ्यान्‌पिढ्या चालले. खटखट सोडली तर त्यातून शेजाऱ्याला त्रास होईल असं काही बाहेर येत नाही.

डाळमिलचं पहिलं भांडण आवाजाचं. नियमाने निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. यंत्राचा आवाज एक मीटरवर 85 धरला, तर मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरतात. म्हणजे 55 वर यायला 32 मीटर. एवढी जागा गल्लीत कुठली! दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत मात्र 40-45 डेसिबल अडवते. घोळ होतो तो झरोक्याने. 3 बाय 4 मीटरच्या भिंतीत 30 बाय 40 सेंटिमीटरचा झरोका म्हणजे फक्त 1 टक्का, पण तेवढ्याने अख्खी भिंत मिळून 20 डेसिबलच अडवते. म्हणून झरोका घरांकडे नकोच, तूर वाळवायच्या खळ्याकडे काढावा. टिनाच्या शेडमध्ये तर आवाज घुमतोही आणि पत्र्यातून बाहेरही जातो.

हादऱ्याचं वेगळं. यंत्राचा काँक्रीटचा ओटा घराच्या पायापासून सुटा हवा, खाली रबरी पॅड. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ओटा कलतो आणि पट्टा उतरायला लागतो. धुळीला सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारा शंकू) आणि त्यामागे कापडी पिशवी पुरते. पिशवी रोज झाडली नाही तर ती कोंदते आणि भुकटी उलटी दाणे ओतायच्या चाडीतून उडते.

नकाशात हमखास विसरतात ते खळं. तुरीला एमेरी रोलवर (खरखरीत दगडी रोलरवर) ओरखडे पाडून तेलाचा हात देतात, मग दोन-तीन दिवस उन्हात. साल सुटते ती त्यानंतर. रोज 5 क्विंटलच्या हिशेबाने तीन दिवसांचा माल 15 क्विंटल. पाच सेंटिमीटर थरात चौरस मीटरला साधारण 38 किलो बसते, म्हणजे 40 चौरस मीटर फरशी, वाट धरून 55. दक्षिणेला दुमजली इमारत नको. फेब्रुवारीत भर दुपारीही तिची सावली चार-साडेचार मीटर पडते. पाऊस लागला की फरशी रिकामी, पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा तिथेच भरवा.

जिनिंग, म्हणजे कपाशीतून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना, मात्र गावाबाहेरच. कपाशीत आलेला खडा किंवा खिळा यंत्रात घासला की ठिणगी पडते. रुई वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते, आणि गाठ बांधल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी पेट घेते. सरकीच्या ढेपेचं दुकान तेवढं गल्लीत राहू द्या.