हाय-लो पोकर

हाय-लो पोकर हा पोकरमधील असा प्रकार आहे, की ज्यात पॉटमध्ये, म्हणजे सर्वांनी लावलेल्या पैशांत, जमलेली रक्कम एकाच विजेत्याला न जाता पाच पानांचा सर्वांत वरचढ हात आणि सर्वांत हलका हात यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. या हातांना अनुक्रमे हाय आणि लो म्हणतात. सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो आणि ओमाहा हाय-लो ही त्याची प्रमुख रूपे होत.

पॉट वाटून घेण्याची पद्धत अमेरिकेतील घरगुती डावांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली असावी. व्यावसायिक पोकरपटू डॉयल ब्रन्सन यांच्या १९७८ च्या ‘सुपर/सिस्टम’ या ग्रंथात पोकरलेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, यावरून तोवर जाणकार तिला दुय्यम प्रकार मानत नव्हते असे दिसते. ओमाहाच्या उगमाबाबत मात्र मतभेद आहेत. नावामुळे नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराशी त्याचा संबंध जोडला जातो. परंतु आजच्या स्वरूपातील खेळ १९८० च्या दशकाच्या आरंभी पोकरपटू रॉबर्ट टर्नर यांनी लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत तेथील पोकर विभागाचे प्रमुख बिल बॉईड यांच्यापुढे मांडला आणि तेथे तो ‘नगेट होल्डेम’ म्हणून सुरू झाला, हा वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो. होल्डेम म्हणजे हातातील पाने टेबलावरच्या सामाईक पानांशी जुळवण्याचा पोकर. ओमाहात असलेली हातातील दोन पाने वापरण्याची सक्ती त्याच्या ‘ग्रीक होल्डेम’ या प्रकारातही आढळते. त्यामुळे एखाद्या शहरात शोध लागण्यापेक्षा होल्डेमच्या जुन्या रूपांतून ओमाहा क्रमाने घडला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

ओमाहा हाय-लोमध्ये प्रत्येकाला चार पाने मिळतात आणि टेबलावर पाच सामाईक पाने उघडली जातात. प्रत्येक हात आपली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन पाने घेऊन जुळवायचा असतो. हाय आणि लोसाठी वेगवेगळ्या जोड्या वापरता येतात. लो ठरण्यासाठी पाचही पाने वेगवेगळ्या किमतीची आणि अठ्ठी किंवा तिच्याखालची लागतात. एक्का येथे एक मानला जातो, आणि सलग क्रम किंवा एकच रंग असल्याने लो बिघडत नाही. म्हणून ५-४-३-२-एक्का हा सर्वोत्तम लो असून तोच क्रम म्हणून हायसाठीही चालतो. आपल्याकडे तीन पत्तीतील मुफलीसमध्येही हलकी पाने जिंकतात, पण तेथे क्रमवारीच उलटी होत असल्याने क्रम जुळणे तोट्याचे ठरते. लोची तुलना सर्वांत मोठ्या पानापासून करतात. त्यामुळे ७-६-५-४-३ हा हात ८-४-३-२-एक्का याला हरवतो, आणि नवखे खेळाडू नेमके येथेच चुकतात. टेबलावर अठ्ठी किंवा त्याखालची निदान तीन वेगवेगळ्या किमतींची पाने नसतील तर लो होऊच शकत नाही व सगळा पॉट हायला जातो. पाचही सामाईक पाने उघडल्यावर लो शक्य असण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे.

हाती एक्का आणि दुर्री, टेबलावर तिर्री, सत्ती, अठ्ठी आणि राणी असेल, तर ८-७-३-२-एक्का हा त्या क्षणी शक्य असलेला सर्वोत्तम लो होय. पाचवे पान दुर्री निघाले की तो हात तसाच राहतो, पण एक्का आणि चौकी बाळगणाऱ्याचा ७-४-३-२-एक्का त्याच्यावर मात करतो.

या प्रकाराची खरी गोडी वाटणीच्या हिशेबात आहे. तिघांनी प्रत्येकी ४०० घालून १,२०० चा पॉट झाला, एकाने हाय जिंकला आणि उरलेल्या दोघांचा लो बरोबरीचा ठरला, तर त्या दोघांना ३०० च मिळतात. म्हणजे सर्वोत्तम लो हाती असूनही प्रत्येकी १०० चे नुकसान होते. त्यामुळे कसलेला खेळाडू निव्वळ लोमागे न लागता दोन्ही बाजू जिंकू शकतील अशी पाने निवडतो. समान वाटता न येणारी चिप (पैशांऐवजी वापरली जाणारी चकती) प्रचलित नियमांनुसार हायला जाते.

कॅसिनोंत पाने उघडताच निकाल लागतो. घरगुती डावांत मात्र आपण हाय, लो की दोन्हींसाठी खेळत आहोत हे मुठीत चिपा लपवून एकाच वेळी जाहीर करण्याची पद्धतही आहे; तीत दोन्ही जाहीर करणाऱ्याने एक बाजू गमावली तर बहुधा त्याला काहीच मिळत नाही. ‘हॉर्स’ या पाच खेळांच्या मिश्र स्पर्धेत ओमाहा आणि स्टड ही दोन्ही हाय-लो रूपे असतात.