चंद्रपूरच्या थर्मलवरून लेसर सोडला तर

चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे निघालं की दुर्गापूरपाशी थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, चिमण्या दिसू लागतात. कूलिंग टॉवरमधून उठणारे पांढरे ढग म्हणजे नुसती पाण्याची वाफ. चिमणीतून करडं काही निघत असेल तर ती राख. ज्या वायूपायी जगभर परिषदा भरतात तो कार्बन डायऑक्साइड या दोन्हींत कुठेच दिसत नाही. आणि तो थोडाथोडका नसतो. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो, असा ढोबळ हिशेब आहे. 2920 मेगावॉटचं हे केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर दर सेकंदाला 800 किलोच्या आसपास वायू वर जातो.

तो मोजायची नेहमीची रीत कागदावरची आहे. किती कोळसा जाळला, त्यात कार्बन किती होता, करा गुणाकार. दुसरी रीत म्हणजे वरून विमान न्यायचं आणि त्याच्या पोटातून जमिनीकडे लेसर सोडायचा.

वायूचा रेणू सगळाच प्रकाश शोषत नाही, ठराविक तरंगलांबीचाच शोषतो. कार्बन डायऑक्साइडसाठी विमानातली यंत्रं बहुधा 1572 नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी निवडतात, मिथेनसाठी 1645 च्या आसपासची. दोन्ही अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. विमानातून प्रकाशाचे दोन झोत पाठोपाठ सुटतात. पहिला बरोबर शोषणाच्या जागेवरचा, दुसरा तिच्या किंचित बाजूचा. दोन्ही जमिनीवर आपटून विमानातल्या दुर्बिणीत परत येतात. पहिला दुसऱ्यापेक्षा जितका फिका पडून आला, तितके त्या वायूचे रेणू वाटेत होते.

दोन झोतांची उठाठेव कशासाठी, तर खाली जमीन एकसारखी नसते म्हणून. काळी माती प्रकाश खाते, सागाची पानं वेगळी वागतात, कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता आणखी वेगळा. पण तरंगलांबीतला फरक इतका बारीक असतो की जमीन दोन्ही झोतांना जवळजवळ सारखंच वागवते. गुणोत्तर काढलं की जमिनीचा परिणाम निघून जातो आणि वायूचा उरतो.

झोत परत यायला किती वेळ लागला हेही यंत्र नोंदवतं. विमान 3 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 6 किलोमीटर, म्हणजे 20 मायक्रोसेकंद. त्याआधीच काही परत आलं तर ते ढगावरून किंवा धुरक्यावरून आलेलं, बाजूला काढा. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या उपग्रहांना ही सोय नाही. नासाचा 2014 साली सोडलेला ओसीओ-2 उत्तम काम करतो, पण परावर्तित झालेलं ऊन पाहून. धुरकट हवेत त्याचा हिशेब बिघडू शकतो आणि रात्री तो हे मोजमाप करू शकत नाही. हिवाळ्यात चंद्रपूर-घुग्घूस पट्ट्यात सकाळची हवा कशी असते हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको.

आणखी एक गंमत आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. जमिनीलगत हवेचा दाब जास्त, त्यामुळे तिथले रेणू एकमेकांवर जास्त आपटतात. त्या धक्काबुक्कीने शोषणाची रेघ, म्हणजे वायू ज्या तरंगलांब्या शोषतो तो चिंचोळा टापू, रुंदावते. वर विरळ हवेत तीच रेघ अरुंद आणि टोकदार राहते. म्हणून लेसर रेघेच्या मध्यावर न लावता जरासा कडेला लावला, तर खालच्या हवेचा वाटा मापात जास्त येतो. आपल्याला हवा तो वायू खालीच सोडलेला असतो. अर्थात यासाठी तरंगलांबी तसूभरही सरकता कामा नये. म्हणून विमानातच त्याच वायूने भरलेली एक बंद नळी ठेवतात आणि लेसर तिच्याशी सतत ताडून पाहतात.

आता आकड्यांकडे येऊ. हवेत आज कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत 420 च्या पुढे गेलं आहे. जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा घ्या आणि त्याच्यावर आकाशापर्यंत हवेचा उभा खांब कल्पा. त्या खांबात हा वायू भरतो साधारण साडेसहा किलो. समजा थर्मल पूर्ण क्षमतेने चालू आहे, वारा सेकंदाला 5 मीटर आहे आणि वाऱ्याच्या दिशेने गेलेला वायूचा पट्टा 2 किलोमीटर रुंद पसरला आहे. मग त्या पट्ट्यातल्या खांबात भर पडते 80 ग्रॅमची. एवढं मोठं केंद्र, आणि साडेसहा किलोत 80 ग्रॅम! किराणा दुकानदाराने एवढं कमी तोललं तर आपल्या लक्षातही येणार नाही. टक्केवारीत ही भर सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. यंत्राला 420 मधला एकाचा फरक, म्हणजे पाव टक्का, खात्रीने ओळखता आला तरच या कामाला अर्थ आहे. चांगली लेसर यंत्रं तिथवर पोचली आहेत.

तरी काम संपत नाही. लेसर सांगतो खांबात किती वायू आहे. चिमणीतून सेकंदाला किती सुटतो ते सांगत नाही. त्यासाठी विमान वाऱ्याला आडवं नेऊन पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत पार करायचा, सगळी जादा भर बेरजेत घ्यायची आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. वाऱ्याचा अंदाज वीस टक्क्यांनी चुकला तर उत्तरही वीस टक्क्यांनी चुकतं, लेसर कितीही सूक्ष्म असो. माझ्या मते या तंत्राच्या बातम्यांत लेसरचं कौतुक जरा जास्त होतं आणि वाऱ्याचं नाव फार कमी निघतं.

मे 2018 मध्ये जर्मन अवकाश संस्थेने, म्हणजे डीएलआरने, 'हालो' या विमानात 'चार्म-एफ' हे लेसर यंत्र बसवून जर्मनीतल्या येन्शवाल्डे इथल्या वीजकेंद्रावरून फेऱ्या मारल्या. ते केंद्रही कोळशाचंच, लिग्नाइटचं, आणि क्षमता तेव्हा 3000 मेगावॉटच्या घरात, म्हणजे जवळपास चंद्रपूरएवढी. त्यांना अडचण आली ती हवेच्या खळबळीची. ऊन तापलं की हवा उकळ्या फुटल्यासारखी वर-खाली होते, वायूचा पट्टा तुटक होतो आणि एका फेरीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. अनेक फेऱ्यांची सरासरी काढावी लागते. हे युरोपातलं मे महिन्याचं ऊन. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, दुपारी माळावर वावटळी नाचत असतात. त्या वेळी विमान उडवणं म्हणजे इंधन फुकट घालवणं. इथे मोजायचं तर डिसेंबर-जानेवारीत, पहाटे किंवा रात्रीच. लेसरला अंधाराची अडचण नाही, हा गुण खरा तिथे कामाला येतो.

पण थर्मलसाठी कोळशाचा हिशेब बऱ्यापैकी विश्वासार्ह असतोच. तिथे विमान न्यायचं ते मुख्यतः यंत्राची परीक्षा घ्यायला. खरी गरज आहे ती मिथेनसाठी, कारण मिथेन कुठल्या वहीत लिहिला जात नाही. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता अडवतो. खोल भूमिगत खाणीत तो कोळशात कोंडलेला असतो आणि हवा खेळवण्याच्या शाफ्टमधून, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या भुयारातून, बाहेर येतो. त्याच 2018 च्या मोहिमेत पोलंडच्या सायलेशिया भागातल्या शाफ्टांचा मिथेन मोजला गेला. शाफ्ट म्हणजे एक ठिकाण, तिथे पट्टा सापडतो. वणी-घुग्घूसकडच्या उघड्या खाणींत असं एक तोंड नसतं. कोळशाच्या प्रत्येक पायरीतून थोडा थोडा वायू निसटतो.

धानाचं तर आणखी कठीण. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीनंतर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी साचून राहतं. चिखलात प्राणवायू संपतो आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवू लागतात. त्यातला बराचसा पाण्यातून बुडबुड्यांनी येत नाही, धानाच्या रोपातल्या पोकळ्यांतून वर येतो. चौरस मीटरला दिवसाकाठी 100 मिलिग्रॅम हा आकडा धरायला हरकत नाही. वाऱ्याच्या दिशेने सलग 10 किलोमीटर धान आहे आणि वारा सेकंदाला 3 मीटर आहे असं समजू. तेवढं अंतर ओलांडायला हवेला तासभर लागतो आणि खांबात भर पडते जेमतेम 4 मिलिग्रॅमची. खांबात आधीच 10-11 ग्रॅम मिथेन असतो. म्हणजे भर 0.04 टक्के. थर्मलच्या पट्ट्यात जे यंत्र चोख उत्तर देईल, त्याला गोंदियाच्या बांध्यांवरून काहीच दिसणार नाही.

एकेक बांधी दिसत नसली तरी सगळ्या मिळून दिसतात, फक्त फार वर जावं लागतं. 2008 साली लुफ्तान्साच्या फ्रँकफर्ट-चेन्नई प्रवासी विमानात 'कॅरिबिक' प्रकल्पाची यंत्रं होती. त्यात लेसर खाली सोडायचा नव्हता, बाहेरची हवा बाटल्यांत भरून आणायची होती. पावसाळ्याच्या महिन्यांत दक्षिण आशियावरून उडताना, ढगांच्या उंचीवर, मिथेन स्पष्ट वाढलेला सापडला. मान्सूनचे उंच ढग जमिनीलगतची हवा वर खेचतात. तिच्यात भाताची शेतं, पाणथळी, गुरं, सगळ्यांचा मिथेन मिसळलेला असतो.

त्यात आमगावचा वाटा किती आणि पवनीचा किती, हे त्या उंचीवरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी आजही बांधीत उतरावं लागतं. चिखलात एक चौकट रोवतात, रोपांवर पारदर्शक पेटी उलटी ठेवतात आणि ठराविक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढून घेतात. पाणी मधून मधून उतरू दिलं तर मिथेन निम्म्यापर्यंत घटू शकतो, हेही विमानातून नाही, अशा पेट्यांतूनच कळलं.