बरोबरच्या दोन रेघा

मुलांनो, १४ क्ष + १५ = ७१ हे समीकरण तुमच्या वहीत सहज सापडेल असे आहे; परंतु बरोबरच्या चिन्हासह छापलेले जगातले पहिले समीकरण हेच, फक्त त्यात क्षच्या जागी त्या काळची निराळी खूण होती. ते १५५७ साली वेल्समधील वैद्य आणि गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात आले. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळावा म्हणून त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा काढल्या आणि या दोन रेघांइतक्या समान दुसऱ्या कोणत्याही दोन वस्तू असू शकत नाहीत, असे कारणही दिले. इतके नेमके कारण फार थोड्या चिन्हांच्या वाट्याला आले आहे. तरीही हे चिन्ह लगेच रुळले नाही. १६३७ साली फ्रेंच गणिती देकार्त यांनी समानतेसाठी वेगळेच चिन्ह वापरले.

अधिक आणि वजा यांची चिन्हे त्याआधीची. १४८९ साली लाइपझिग येथे छापलेल्या योहानेस विडमन यांच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात ती आढळतात. ठरलेल्या वजनापेक्षा माल पाच पौंडांनी जास्त भरला तर + ५ आणि सतरा पौंडांनी कमी भरला तर − १७, अशा नोंदींसाठी तेथे त्यांचा उपयोग केलेला आहे.

चिन्हाचा अर्थ मात्र त्याच्या आकारात नसतो, तो वापरणाऱ्यांनी आपसांत ठरवलेला असतो. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेल्या भूर्जपत्रांवरील प्राचीन हस्तलिखितात अंकापुढे + अशी खूण आहे, आणि तिथे तिचा अर्थ ऋण संख्या असा होतो!

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिले, त्यात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. अव्यक्त राशीला, म्हणजे किंमत माहीत नसलेल्या संख्येला, ते ‘यावत्तावत्’ म्हणत आणि तिचे पहिले अक्षर ‘या’ लिहीत. आणखी अव्यक्त राशी असल्या, तर काळा, निळा, पिवळा अशा रंगांच्या नावांची आद्याक्षरे घेत. ज्ञात संख्येसाठी ‘रू’ हे अक्षर होते. बरोबरचे चिन्ह नव्हते, कारण दोन्ही बाजू एकाखाली एक मांडल्या जात. आपले समीकरण त्या पद्धतीने असे दिसेल:

या १४ रू १५
या ० रू ७१

जातीखाली जात, म्हणजे ‘या’खाली ‘या’ आणि ‘रू’खाली ‘रू’, येत असल्यामुळे १४ मधून ० आणि ७१ मधून १५ वजा करायचे हे नुसत्या मांडणीवरूनच कळते. मग ५६ ला १४ ने भागले की ‘या’ची किंमत ४ मिळते.