रुग्णालयाचा युटिलिटी प्लांट: ६० अंशांचा वाद कुठून आला

रुग्णालयाला वाफ, गरम पाणी, गारवा, वीज आणि ऑक्सिजन पुरवणारा विभाग म्हणजे युटिलिटी प्लांट. तिथला गरम पाण्याचा साठा ६० अंशांवर ठेवायचा की त्याखाली, हा जुना वाद. प्लांट ऑपरेटरच्या लॉगशीटवरचे, म्हणजे रोजच्या नोंदींच्या तक्त्यावरचे, बरेचसे रकाने कुठल्या ना कुठल्या दुर्घटनेनंतर वाढलेले आहेत. सर्वांत जुने बॉयलरचे. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन शहरात बुटांच्या कारखान्यातला जुना, राखीव बॉयलर फुटला आणि ५८ माणसे गेली. १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरसाठी कायदेशीर नियम केले. इतरांनीही पुढे तोच मार्ग धरला. तेव्हाच्या ऑपरेटरचे काम दाब आणि पाण्याची पातळी राखण्याचे. बॉयलरवरच्या काचेत पातळी दिसेनाशी झाली की आधी आग बंद करायची, तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडायचे नाही, हा त्या काळचा धडा आजही जसाच्या तसा लागू आहे.

आधी हवा खेचून घेऊन १३४ अंशांवर तीन मिनिटांत निर्जंतुकीकरण करणारे ऑटोक्लेव्ह आले, तेव्हा नुसता दाब पुरेनासा झाला. वाफ कोरडीही लागू लागली. शेल बॉयलरमधल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, साधारण ३,५०० पीपीएमच्या वर गेला की फेस होतो, वाफेबरोबर पाणी उचलले जाते आणि ऑटोक्लेव्हमधून उपकरणांचे पॅक ओले बाहेर येतात. तक्रार ऑटोक्लेव्हची लिहिली जाते, दोष मात्र ब्लोडाउनमध्ये, म्हणजे बॉयलरमधले क्षारयुक्त पाणी वेळोवेळी सोडून देण्यात, असतो.

खरा तिढा गरम पाण्याचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवायला अनेक इमारतींत गरम पाण्याचे तापमान उतरवले गेले. रुग्णालयांत त्याला आणखी एक कारण होते. ६० अंशांचे पाणी प्रौढाच्या त्वचेलाही काही सेकंदांत भाजते. वृद्ध, लहान मुले आणि बधिर अवयवांचे रुग्ण तर हात मागेही घेऊ शकत नाहीत. त्यामुळे नळाशी ४३ अंशांच्या आसपासची मर्यादा आली आणि ती पाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टाकीचेच तापमान खाली आणणे. वीज-इंधनाचे बिल आणि रुग्णाची सुरक्षा दोन्ही एकाच बाजूला दिसत होती, म्हणून फारसे कोणी हटकले नाही.

१९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या हॉटेलात न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या जानेवारीत त्यामागच्या लिजिओनेला जिवाणूची ओळख पटली. सुरुवातीला सगळा संशय वातानुकूलनावर होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डच्या प्रत्यारोपण विभागात तोच जिवाणू शॉवरमध्ये सापडला आणि पिण्या-धुण्याच्या पाण्याकडे बोट वळले. हा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो. ५० अंशांवर त्याला मरायला तास लागतात, ६० वर काही मिनिटे पुरतात. म्हणजे बचतीसाठी उतरवलेली टाकी त्याच्या वाढीच्या पट्ट्याच्या अगदी जवळ आली होती.

भाजणे टाळायचे की संसर्ग, हा प्रश्न मुळात चुकीचा मांडला गेला. दोन्ही एकाच टाकीत सोडवायला गेल्यावर भांडण होणारच. अखेर तोडगा निघाला तो असा: साठा ६० अंशांवर, इमारतीत फिरून टाकीकडे परतणारे पाणी ५० च्या खाली नाही, गार पाणी २० च्या आत, आणि गरम-गार मिसळणे नळाजवळच्या, ठरलेले तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये. ऊर्जाबचतवाले आजही ६० ला अतिरेक म्हणतात. त्यांच्या हिशेबात संसर्गाचा खर्च क्वचितच धरलेला असतो.

तोडग्यातही फटी राहिल्या. कॅलोरिफायरचा, म्हणजे पाणी तापवून साठवणाऱ्या टाकीचा, सेन्सर वरच्या बाजूला असतो. पॅनेलवर ६० दिसतात, पण तळाशी गाळाच्या थरावर पाणी ३५ वर रेंगाळत असते. म्हणून तळाच्या ड्रेनमधून ठरलेल्या वेळी गाळ सोडायचा, बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान मोजायचे, आणि मागणी कमी असताना रोज तासभर शंट पंप चालवून वरचे-खालचे पाणी घुसळायचे. मिक्सिंग व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारा) क्षारांनी अडकला तर गार पाणी गरम लाइनमध्ये शिरते. ओळखण्याची खूण सोपी: एकाच शाखेवरचे नळ कोमट, बाकीचा मजला ठीक. अशा वेळी बॉयलरचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेले तापमान, वाढवणे निरुपयोगी. एकेका व्हॉल्व्हकडे येणारे पाणी आयसोलेशन चावीने बंद करून दोषी शोधावा लागतो. बंद पडलेल्या वॉर्डातल्या शाखा, म्हणजे डेड लेग, तर कापूनच टाकाव्यात.

वातानुकूलनाची उष्णता पाण्याच्या फवाऱ्यातून बाहेर टाकणारा कुलिंग टॉवर संशयातून सुटला असे मात्र नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या जिल्हा रुग्णालयात झालेल्या मोठ्या साथीचा माग टॉवरपर्यंतच गेला. बायोसाइडचा (जंतुनाशक रसायनाचा) डोस, तुषार बाहेर उडू न देणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरची तपासणी आणि टॉवर खाली करून धुणे ऑपरेटरच्या वेळापत्रकात पक्के झाले ते यानंतर.

नंतरची भर वेगाने पडत गेली. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे चिलरमधले, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रातले, रेफ्रिजरंट वायू बदलले आणि गळतीची नोंद बंधनकारक कामांत आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचे जनरेटर १३व्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. जनरेटरची मासिक चाचणी ३० मिनिटे आणि किमान ३० टक्के लोडवर घेतात, नाहीतर न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये साचते. फ्युएल पंपाची जागा मात्र त्या चाचणीत कधीच कळत नाही. २०२०-२१ मध्ये ऑक्सिजन प्लांट घाईने बसले. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लांटचा ऑक्सिजन सुमारे ९३ टक्के शुद्ध असतो, द्रवरूप टाकीतला ९९ च्या वर. कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा ड्रायरमधून निसटला तर नायट्रोजन शोषणारे झिओलाइट खराब होऊन शुद्धता घसरते, म्हणून प्युरिटी मीटरच्या शेजारी ड्यू पॉइंटचा, म्हणजे हवेतला ओलावा दाखवणाऱ्या मापाचा, रकाना आला.

आता वाफेचे बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर खेचून पाणी तापवणारी यंत्रे) बसवण्याची लाट आहे आणि ६० अंशांचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला आहे. पाणी जितके जास्त गरम करायचे, तितकी हीट पंपाची कार्यक्षमता घटते. त्यामुळे साठा ५० वर ठेवून आठवड्यातून एकदा तासभर ६० च्या वर न्यायचा, असे प्रस्ताव येतात. त्या तासाभरात सर्वांत लांबच्या नळाचे आणि परतीच्या लाइनचे तापमान हाताने मोजावे लागते, कारण नियंत्रण यंत्रणेत नोंद बहुधा टाकीच्या वरच्या सेन्सरचीच होते.