नागपूरच्या गच्चीवरून गुरूचा फोटो: मागचा इतिहास

नागपूरच्या महाल किंवा मनीषनगर भागात गच्चीवर ठेवलेल्या आठ इंची दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत आज गुरूचे पट्टे आणि मोठा लाल डाग स्पष्ट येतो. गेल्या शतकात इतका तपशील फोटोत पकडणं नामवंत वेधशाळांनाही जड जात होतं. हा बदल दुर्बिणीपेक्षा फोटो काढण्याच्या पद्धतीने घडवला.

अडचण होती हवेची. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतो तेव्हा, गुरूचं बिंब साधारण ४५ विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे चंद्राच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं असतं. वरची हवा सतत हलत असल्याने ते सेकंदाला अनेकदा थरथरतं. फिल्मला सेकंदभर किंवा त्याहून जास्त एक्स्पोजर लागे, आणि तेवढ्यात बारकावे पुसले जात. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत कार्ल लॅम्पलँड यांनी मंगळाचे फोटो घेतले, तेव्हा प्रतिमा इतक्या इवल्याशा होत्या की त्यातला तपशील छापून दाखवणंच अवघड झालं. त्यानंतरही कित्येक दशकं डोळा फिल्मच्या पुढेच राहिला. हवा क्षणभर स्थिरावली की निरीक्षक ते टिपून कागदावर चित्र काढत.

तो स्थिर क्षण कॅमेऱ्याने कसा पकडायचा? १९७८ मध्ये डेव्हिड फ्राइड या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची संभाव्यता गणिताने मांडली. दुर्बिणीचा आरसा मोठा होत जातो तशी निर्दोष क्षण मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते, असं त्यातून दिसतं. मला हा या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. घरगुती दुर्बिणीचा लहानपणा इथे तिच्या बाजूने उभा राहतो.

पुढचं काम वेबकॅमने केलं. संगणकावर गप्पा मारायला घेतलेला कॅमेरा लोकांनी दुर्बिणीला जोडला, व्हिडिओ घेतला, हजारो फ्रेम्समधून चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचल्या. २००२ मध्ये आलेल्या रेजिस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरने ही निवड सोपी केली. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट २००३ ला, मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला आणि जगभर हौशी लोकांनी कॅमेरे त्याच्याकडे वळवले. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना घरच्या दुर्बिणीतून गुरूवर आघाताचा काळा डाग दिसला. मोठ्या वेधशाळा त्यानंतर तिकडे वळल्या.

नागपूरला यात एक देणगी आहे, ती अक्षांशाची. शहर २१ अंश उत्तरेला. २०१८ मध्ये शनी दक्षिणेकडे झुकलेला होता. लंडनहून तो जेमतेम १६ अंश वर येई, इथून सुमारे ४६. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीत गुरू तर जवळजवळ डोक्यावरून गेला. ग्रह जितका उंच, तितका हवेचा थर पातळ. रस्त्यावरचे दिवे आकाशगंगा गिळतात. गुरू-शनीला त्यांचा त्रास होत नाही.

त्रास होतो उन्हाचा. मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि ग्रह त्या लहरींत नाचतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र, पण दहा-बारा किलोमीटर वरचे जोरदार वारे अनेकदा घात करतात. पावसाच्या उघडिपीतल्या दमट, निवांत रात्री आणि त्यानंतरचे काही आठवडे मात्र सोन्यासारखे. २०२६ ते २०२९ मध्ये शनीची प्रतियुती ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येते, आणि मार्च २०२५ मध्ये रेषेसारखी झालेली त्याची कडी दरवर्षी अधिक उघडत जाणार आहेत.