इलेक्ट्रॉनिक पुरावा : संकलन व जतन

संगणक, मोबाइल, सर्व्हर, कॅमेरे किंवा क्लाउड खाती यांत साठलेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून टिकावी, यासाठी ती शोधणे, ताब्यात घेणे व न बदलता सांभाळणे. कागद कितीही वेळा वाचला तरी त्यावरचा मजकूर तसाच राहतो. संगणक मात्र नुसता सुरू केला तरी त्यातल्या असंख्य नोंदी बदलतात. वादातले पत्र उघडून सहज ‘सेव्ह’ केले, की ‘शेवटचा बदल’ या रकान्यात आजची तारीख बसते आणि पत्र मागाहून रचल्याचा आरोप करायला प्रतिपक्षाला आयते निमित्त मिळते. म्हणून पक्षकाराने ‘एकदा बघून घेऊ’ हा मोह आवरणे फार महत्त्वाचे.

वादाची चाहूल लागताच जुने ईमेल आपोआप पुसणारी व्यवस्था थांबवावी लागते. चालू संगणक घाईने बंद करणेही धोक्याचे, कारण रॅम या तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर आणि कधी कधी कूटबद्ध डिस्कची किल्ली वीज जाताच नाहीशी होते. लवकर विरणारी माहिती आधी टिपावी, असा क्रम आरएफसी ३२२७ या २००२ च्या मार्गदर्शिकेत दिला आहे. मोबाइलमधील माहिती कोणी दूरून पुसू नये म्हणून तो लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवतात. मात्र आत तो नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते.

तपासणी मूळ डिस्कवर न करता प्रतीवर करतात. डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्या ‘राइट ब्लॉकर’ या उपकरणामार्फत ती जोडून तिची बिटन्‌बिट प्रतिमा घेतली जाते आणि दोन्हींचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, जुळवले जाते. एसएचए-२५६ पद्धतीत ते ६४ अंक-अक्षरांचे असते. एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळे येते. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धती आता कच्च्या मानल्या जातात. एसएचए-१ चे एकच मूल्य असलेल्या दोन वेगळ्या फायली २०१७ मध्ये तयार करून दाखवण्यात आल्या. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडी डिस्कची अडचण निराळी: पुसलेली जागा ती वीज मिळताच स्वतःहून साफ करू शकते, त्यामुळे राइट ब्लॉकर लावूनही हरवलेला मजकूर हाती लागेलच असे नाही.

वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे, केव्हा व कशासाठी गेली, याची सलग नोंद म्हणजे ताबा-साखळी. आयएसओ/आयईसी २७०३७ (२०१२) हे मानकही अशा नोंदींवर भर देते. साखळीत एका रात्रीचा खंड पडला, तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याच रात्रीबद्दल येतो.

संभाषणाचा नुसता स्क्रीनशॉट दुबळा ठरतो, कारण तो सहज बनवता येतो. मूळ फोन किंवा सेवादात्याकडील नोंद सोबत असावी. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीविना शिरून मिळवलेला मजकूर खरा असला, तरी तो आणणाराच गुन्ह्यात अडकू शकतो.