एमसीबी वायरिंग वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी

वस्तीत सुरक्षिततेविषयी माहिती देण्याचा कार्यक्रम असला आणि विजेचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास सांगते, "आमच्याकडे एमसीबी बसवलेले आहेत, त्यामुळे शॉकची भीती नाही." ऐकणारे माना डोलावतात आणि पुष्कळदा माहिती द्यायला उभी असलेली व्यक्तीही हे विधान दुरुस्त करत नाही. एमसीबी म्हणजे तारेतला प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण आणि आरसीसीबी म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारे. ही दोन्ही उपकरणे एकाच पेटीत शेजारीशेजारी बसतात, दोघांनाही खटका असतो, दोन्ही 'ट्रिप' होतात, म्हणून गल्लत होणे समजण्यासारखे आहे. पण ती वर्षानुवर्षे तशीच पुढे चालवली जाणे मला अक्षम्य वाटते.

एमसीबी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. तारेवर क्षमतेपेक्षा जास्त भार पडला की आतली द्विधातू पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झाले, तर चुंबकीय यंत्रणा क्षणार्धात पुरवठा तोडते. तारा तापून आग लागू नये, एवढ्यासाठी तो असतो.

आता साधे गणित पाहा. ओल्या हाताचा फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, स्पर्श झाला आणि शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्ट दाबाला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जमिनीत जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे. एमसीबी मात्र ६, १६ किंवा ३२ अँपिअरचा असतो आणि २३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरही नव्हे. साठ वॉटचा जुना दिवा याहून थोडा जास्तच प्रवाह घेतो. त्यामुळे तारेला चिकटलेला माणूस एमसीबीच्या लेखी आणखी एक पेटलेला दिवा असतो आणि तो दिवा बंद करण्याचे त्याला काहीही कारण नसते. एमसीबी बिघडलेला नसतो. हे त्याचे कामच नव्हे.

आरसीसीबी प्रवाह किती मोठा आहे हे पाहतच नाही. गेलेला प्रवाह परत आला की नाही, एवढेच पाहतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आत एकाच कड्यातून जातात. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परतला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. त्यातला काही भाग माणसाच्या शरीरातून किंवा उपकरणाच्या धातूच्या आवरणातून जमिनीत गेला, की तोल ढळतो आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि १५० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.०४ सेकंदात पुरवठा तोडणे अपेक्षित असते. झटका जाणवतोच, पण तो जीवघेणा ठरण्याआधी थांबण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

येथे आकडा नीट वाचावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळतीमुळे लागणाऱ्या आगीसाठी असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचाच हवा. ओळखण्याची खूण सोपी आहे: आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे छोटे बटण असते, एमसीबीवर नसते. ते ठरावीक काळाने दाबून खटका पडतो का, हे पाहावे, आणि न पडल्यास उपकरण बदलावे. त्या बटणाने अर्थिंग तपासले जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. अर्थिंग नसतानाही आरसीसीबी चालतो, पण मग बिघडलेल्या उपकरणाला कोणी हात लावेपर्यंत तो गप्प राहतो. अर्थिंग नीट असेल, तर बिघाड होताच तो पडतो.

एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. आरसीसीबीला जादा भार कळत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. दोन्ही कामे एकत्र करणारे आरसीबीओ हे उपकरणही मिळते. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि जमिनीकडे गळती झाली नाही, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. त्यामुळे उघड्या तारांचे काम करताना मेन स्विच बंद करण्याला पर्याय नाही.

सर्वांत संताप येतो तो आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला बगल देऊन थेट जोडणी करणाऱ्यांचा. तो पडतो याचा अर्थ बहुधा कुठेतरी खरोखर गळती आहे: गिझरची कॉइल, बाहेरच्या पंपाची ओली जोडणी, भिंतीतला दमट स्विचबोर्ड. सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्याच्याबरोबर खटका पडेल, त्या सर्किटमधली उपकरणे काढून एकेक तपासावीत. सगळे एमसीबी बंद असतानाही तो पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेला असण्याची शक्यता असते आणि ते शोधण्याचे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे.